जपानमध्ये यजमान कुटुंबाकडे राहताना आहाराविषयी कसे बोलावे?

ओलीछत्री (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात जपानी भाषा शिकत होते आणि विद्यापीठांमधील देवाणघेवाणीच्या योजनेतून एका वर्षासाठी इशिकावा प्रांतातील कानाझावा या शहरात आले आहे. येऊन तीन आठवडे झाले. पहिले सहा महिने यजमान कुटुंबाकडे राहायचे आणि नंतर वसतिगृहात जायचे, अशी व्यवस्था आहे. जपानमध्ये कुटुंबात राहिलेल्या कोणाचा सल्ला मिळाला तर हवा आहे.

कुटुंब अतिशय चांगले आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये. घरात आई, वडील, सहावीत शिकणारी मुलगी आणि वडिलांची आई अशी चार माणसे आहेत. मी त्यांना ओकाआसान, ओतोओसान आणि ओबाआसान म्हणते, म्हणजे आई, बाबा आणि आजी. मला सहा तातामींची, म्हणजे जमिनीवर सहा जाड चटया मावतील एवढी, एक खोली दिली आहे. रात्री फुतोन, म्हणजे गादी, अंथरायचा आणि सकाळी त्याची घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवायचा. लहानपणी सुटीत रत्नागिरीला आजोळी सकाळी वळकट्या उचलून माळ्यावर टाकण्याचे काम आम्हा मुलांकडेच असे, त्यामुळे यात मला काही वेगळे वाटले नाही. घराबाहेर पडताना येथे ‘इत्तेकिमास’ म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’ असा होतो. ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, हे माझ्या आजीने मला इतक्या वेळा ऐकवले आहे की पहिल्या सकाळी तो शब्द उच्चारताना घशाशी काहीतरी आले.

चुका मात्र भरपूर झाल्या. त्यातली सर्वांत मोठी पहिल्याच रात्री झाली. ओकाआसाननी मला सर्वांच्या आधी आंघोळीला जायला सांगितले. टबाबाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्यात बसायचे, हे मला वर्गात शिकवलेले होते आणि मी ते तसेच केले. पण बाहेर आल्यावर माझे वापरलेले पाणी दुसऱ्यासाठी ठेवणे मला असभ्य वाटले, म्हणून मी टबाचे बूच काढून टाकले. तेच पाणी सगळे घर वापरते, हे मला कोणी सांगितले नव्हते. सुमारे दोनशे लिटर गरम पाणी गटारात गेले. कोणी एक शब्द बोलले नाही. पुन्हा टब भरल्याचा आवाज मला खोलीत ऐकू येत राहिला आणि तो कशाचा आहे हे चार दिवसांनी त्या धाकट्या मुलीने हसत हसत सांगितले. त्याबद्दल मी अजून माफी मागितलेली नाही. तीन आठवड्यांनी तो विषय काढावा की नाही, हेही मला कळत नाही.

आता मुख्य प्रश्न. मी जन्मापासून शाकाहारी आहे, अंडे चालते. पहिल्या दिवशी मी ‘निकु वा ताबेमासेन’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, असे स्पष्ट सांगितले होते. त्या दिवसापासून माझ्यासाठी रोज मासा येतो. कधी भाजलेला बांगडा, कधी गोड सॉसमध्ये शिजवलेला तुकडा, आणि तोही इतरांपेक्षा मोठा. मी भात, लोणचे, तोफू आणि मिसो सूप यांवर जेवण उरकते आणि ‘पोट भरले’ असे सांगते. निदान सूप तरी आपले आहे, अशी माझी समजूत होती. गेल्या रविवारी ओबाआसाननी गरम तोफूवर कांद्याच्या सालींसारखे काहीतरी भुरभुरले आणि ते वाफेने हलू लागले. ते काय आहे असे मी विचारले, तेव्हा ते सुकवलेल्या माशाचे पापुद्रे असून सूपही त्याच्याच पाण्यात होते, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. तीन आठवडे मी रोज दोन वेळा ते सूप पीत होते.

त्यात भर म्हणून माझा एक शब्द मला नडतो आहे. आणखी भात हवा का, असे विचारले की मी ‘दाइजोबु’ म्हणते. माझ्या मनात त्याचा अर्थ ‘चालेल’ असा असतो आणि त्यांच्या कानावर तो ‘नको’ असा पडतो. म्हणून मी बहुतेक रात्री अर्धपोटी झोपते आणि खोलीत बाकरवडी खाते. ती मी खरे तर त्यांना भेट म्हणून आणली होती आणि एक पाकीट माझ्यासाठी ठेवले होते. ते आता संपत आले आहे.

पुण्यात आईला फोन केला की ती जेवणाचे विचारते आणि मी खोटे बोलते. आपल्याकडे साडेतीन तास मागे असल्यामुळे तिची संध्याकाळ म्हणजे माझी झोपायची वेळ, आणि त्या वेळी खोटे बोलणे अधिक जड जाते. इतक्या प्रेमाने रांधणाऱ्या माणसांना ‘तुमचे सूपसुद्धा मला चालत नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगावे? की विद्यापीठातील समन्वयकांना सांगून लवकर वसतिगृहात जावे?

एकभुक्त

तुमचे लेखन वाचून मला माझे २०११ मधले क्योतोतील दिवस आठवले. मीही एका कुटुंबाकडे सहा महिने होतो आणि मीही ‘निकु’ या शब्दावर विसंबून फसलो होतो. या गोंधळात तुमच्या यजमानांची मुळीच चूक नाही. ‘निकु’ म्हटले की जपानी माणसाच्या डोळ्यांपुढे गाय, डुक्कर, फार तर कोंबडी येते. मासा त्या शब्दात येत नाही, आणि अनेकांच्या लेखी पदार्थात बारीक चिरून टाकलेले हॅमही येत नाही. त्यामुळे मांस न खाणाऱ्या पाहुणीसाठी सर्वांत मोठा मासा राखून ठेवणे हा त्यांच्या दृष्टीने अगत्याचा कळस आहे. तुम्ही तो ठेवून देता तेव्हा त्या घरात काय विचार चालत असेल, याची कल्पना करून पाहा.

तुम्ही ज्याला कांद्याची साल समजलात ते कात्सुओबुशी. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरावर धरून, महिनोन्महिने वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि रंध्यासारख्या हत्याराने त्याचे पापुद्रे काढतात. ते पाण्यात घालून जो अर्क निघतो ती दाशी. आपल्या स्वयंपाकात फोडणीचे जे स्थान आहे तेच तिचे आहे, म्हणून ती सूपात असते, शिजवलेल्या भाज्यांत असते, गुंडाळलेल्या अंड्याच्या पोळीत असते आणि उदोन या जाड नूडल्सच्या रश्श्यात तर असतेच. फोडणीविना भाजी करा असे कोणी आपल्या आईला सांगितले तर ती जशी गोंधळेल, तशाच ओकाआसान गोंधळतील. पण यावर उत्तर आहे, आणि ते जपानी स्वयंपाकाच्या आतच आहे.

कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशी पूर्णपणे शाकाहारी असते. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅमच्या आसपास कोंबूचा तुकडा रात्रभर भिजत ठेवायचा आणि सकाळी मंद आचेवर ठेवून पाणी उकळण्याच्या आत तो बाहेर काढायचा. उकळू दिला तर चव बिघडते. वाळलेल्या शिइताके अळंब्यांचे भिजवलेले पाणी त्यात मिसळले तर कोणाला कशाची उणीव भासत नाही. त्यातून तुम्ही राहता तो भाग कोंबूसाठी प्रसिद्ध आहे. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी जहाजे होक्काइदोहून कोंबू घेऊन जपानच्या पश्चिम किनाऱ्याने ओसाकाकडे जात आणि वाटेत होकुरिकूच्या, म्हणजे तुमच्याच भागातल्या, बंदरांना लागत. शेजारच्या तोयामा प्रांतात कोंबू आजही मोठ्या आवडीने खातात. तुमच्या ओबाआसानना हे सारे माझ्याहून दहापट अधिक ठाऊक असेल.

बोलताना ‘शाकाहारी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरू नका. तो त्यांना ठाऊक असतो, पण त्याची हद्द कोठे संपते हे ठाऊक नसते. त्याऐवजी ‘शोजिन र्‍योरी’ म्हणा. झेन मठांतील हा आहार आहे. त्यात मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, इतकेच नव्हे तर परंपरेने कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपला चातुर्मासच म्हणा ना. दोगेन या झेन भिक्षूंनी १२४४ मध्ये स्थापन केलेला एइहेइजी मठ तुमच्या शेजारच्याच फुकुई प्रांतात आहे, त्यामुळे त्या घरातील कोणी ना कोणी ते जेवण जेवलेले असण्याची शक्यता मोठी. ‘माझा आहार शोजिनसारखा आहे, फक्त अंडी, दूध आणि कांदा-लसूण चालतो’ या एका वाक्याने जे काम होईल ते दहा मिनिटांच्या स्पष्टीकरणाने होणार नाही. त्याला जोडून ‘निकु मो, साकाना मो, कात्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन’, म्हणजे मांस, मासा आणि कात्सुओची दाशी यांतले काहीच खाऊ शकत नाही, हेही सांगा. ‘ताबेमासेन’ म्हणजे ‘खात नाही’, ‘ताबेरारेमासेन’ म्हणजे ‘खाऊ शकत नाही’. पहिल्यात आवडनिवड ऐकू येते आणि दुसऱ्यात अडचण, आणि हा फरक जपानी कानाला लगेच कळतो.

मग कागदावर लिहून द्या, कारण खरे सापळे पुढे आहेत. दुकानातील करीच्या वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते. सूपासाठीच्या घनांत कोंबडी किंवा गोमांसाचा अर्क असतो, मेन्त्सुयू या नूडल्ससाठीच्या बाटलीतल्या सॉसमध्ये कात्सुओ असते आणि जेलीत जिलेटिन. हे सारे यजमानीणबाईंनी पाठ करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जाऊन पाकिटांच्या पाठीवरील चित्रलिपी वाचा. तुमचा अभ्यासही होईल.

मात्र त्याआधी आपली हद्द कोठे आखायची हे एकदा एकट्याने बसून ठरवा. मी स्वतः दाशी चालवून घेतली आणि मासा घेतला नाही. त्याबद्दल मला कधी अभिमान वाटला नाही आणि पश्चात्तापही झाला नाही. तुमचे उत्तर वेगळे असू शकते. पण दर दोन दिवसांनी ते बदलू नका, कारण त्यासारखा त्रास रांधणाऱ्याला दुसरा नाही.

पांढरा_तांबडा

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. मी कोल्हापूरचा, त्यामुळे मासा पाहून मला आनंदच होत असे. तरीही नागानोतील यजमान कुटुंबाकडे मला सहा आठवड्यांत पुरे झाले. मी गोमांस खात नाही आणि त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा हँबर्ग, म्हणजे खिम्याचे जाड कटलेट, होत असे. त्याचा खिमा ‘आइबिकी’, म्हणजे गाय आणि डुक्कर एकत्र दळलेला असतो. मी सांगितले, त्यांनी मान्य केले आणि माझ्यासाठी वेगळा खिमा आणू लागले. पण मग प्रत्येक जेवणात माझी वेगळी बशी, माझा वेगळा तवा आणि माझ्यामुळे वाढलेले काम माझ्यासमोर मांडलेले दिसू लागले. ते आनंदाने करत होते, हे खरे. पण इतका आनंद रोज दोन वेळा स्वीकारणे मला जमले नाही.

वसतिगृहात गेल्यावर मी माझा रस्सा करू लागलो, माझी भाषा मित्रांमध्ये सुधारली आणि त्या कुटुंबाशी माझे संबंध पूर्वीपेक्षा चांगले झाले, ते आजही आहेत. पाहुणा म्हणून दर महिन्याला एकदा जाणे मला साधले आणि घरचा म्हणून राहणे साधले नाही. प्रत्येकाला ते साधलेच पाहिजे असे नाही. लवकर वसतिगृहात जाणे म्हणजे हार आहे, असे समजून अर्धपोटी राहू नका, एवढेच मला सांगायचे आहे.

नागोयावासी

मी २००४ पासून नागोयात राहते, माझे पती जपानी आहेत आणि गेली काही वर्षे आम्ही परदेशी विद्यार्थ्यांना घरी ठेवतो. म्हणजे या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला मी बसलेली आहे. तुझे वय पाहता मी तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

आम्हा यजमानांना विद्यार्थ्याविषयी आधी काय कळते, ते सांगते. एक पानभर अर्ज येतो. त्यात आहारापुढे एक रकाना असतो आणि त्यात कोणीतरी एक शब्द लिहिलेला असतो. त्या एका शब्दावर आम्ही सहा महिन्यांचा स्वयंपाक ठरवतो. आमच्याकडे आलेल्यांत बडबडे आले, उशिरा उठणारे आले, एकाने तर स्वच्छतागृहातल्या सपाता घालून साऱ्या घरभर फेरी मारली. यातला कोणीच अवघड नव्हता. अवघड गेली ती एकच मुलगी, जी प्रत्येक गोष्टीला हसून ‘ओइशी’, म्हणजे ‘छान झाले आहे’, म्हणत असे आणि बशीत निम्मे ठेवत असे. मी रात्री पतीला विचारत असे की आपले काय चुकते आहे. तिला थेट विचारावे तर तिला ओशाळल्यासारखे होईल, म्हणून मी विचारत नव्हते, आणि तिने सांगावे तर मला वाईट वाटेल, म्हणून ती सांगत नव्हती. आपण मराठी माणसे संकोची असतो असे म्हणतात, पण ‘एन्र्‍यो’पुढे, म्हणजे जपानी भिडेपुढे, आपला संकोच काहीच नाही. तुमच्या घरात आता हे दोन्ही एकाच टेबलाशी समोरासमोर बसले आहेत.

तेव्हा बोल. पण जेवणाच्या टेबलावर बोलू नकोस, कारण तेथे पुढ्यात मांडलेल्या अन्नाविषयी बोलल्यासारखे होते. सुटीच्या दिवशी दुपारी, त्या भाजी निवडत असताना किंवा भांडी पुसत असताना जा आणि ‘सोदान गा आरिमास’ असे म्हण. ‘तुमचा सल्ला हवा आहे’ असा त्याचा अर्थ. तक्रार म्हणून आलेली गोष्ट आणि सल्ला मागायला आलेली मुलगी, यांत आमच्या मनात फार अंतर असते. एकभुक्त यांनी सांगितलेले शोजिनचे वाक्य वापर. मला ते अगदी पटले.

समन्वयकांकडे आधी जाऊ नकोस. कार्यालयाकडून फोन आला की यजमानीणबाईंना आपण कोठेतरी कमी पडलो असे वाटते आणि ते मनातून जायला वेळ लागतो. तेथे जायचा हक्क तुला आहे, आणि खरोखर काही वावगे घडले तर त्याच दिवशी जावे. पण हे तसे प्रकरण नाही.

बाथटबाची माफी अवश्य माग. तीन आठवड्यांनी मागितलेली माफी हसण्यावारी जाईल आणि पुढची तीस वर्षे ती गोष्ट त्या घरात सांगितली जाईल. तुला पहिल्या पाण्याचा मान पाहुणी म्हणून मिळतो, हे तुझ्या ध्यानात आले असेलच. आमच्याकडे एखादे मूल रुळले की मी त्याला पहिल्या पाण्याला पाठवणे बंद करते. आणि एखादे काम मागून घे. ‘काही मदत करू का?’ असे विचारलेस तर ‘नको’ हेच उत्तर येईल. ‘रोजचे एक काम माझ्याकडे द्या’ असे म्हण. जपानी घरांत मुलांनाही ठरलेले काम असते. ज्याच्याकडे काम नाही तो पाहुणा, आणि पाहुण्याला खायचा आग्रह होतो, पण त्याच्याशी खरे बोलले जात नाही.

आणखी एक. रात्री जेवायला नसशील तर दुपारपर्यंत लाइन या संदेशांच्या अ‍ॅपवर कळव. जेवण वाया गेल्याचे दुःख आम्हाला फारसे होत नाही, पण गरम करायचे की झाकून ठेवायचे या विचारात रात्री दहापर्यंत बसून राहणे नकोसे होते.

पांढरा_तांबडा यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. वेगळी बशी आम्हालाही दिसते. पण सहा आठवडे त्यांनी तवा कोणता हे पाहिले, तो हातात घेऊन स्वतः खिमा परतला का, हे त्यांना विचारावेसे वाटते.

पांढरा_तांबडा

नाही परतला. त्या वेळी मला चहाखेरीज काही करता येत नव्हते. रस्सा वसतिगृहात आईला फोनवर विचारून शिकलो. आपला मुद्दा मान्य आहे.

ओलीछत्री

तिघांचेही मनापासून आभार. येत्या शनिवारी बोलणार आहे. ‘सोदान गा आरिमास’ हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिले. व्याकरण ठीक आहे, आवाज मात्र कापतो. टबाविषयी आधी बोलू की सूपाविषयी?

नागोयावासी

टबाविषयी. हसून झाल्यावर सूप सोपे जाते.

ओलीछत्री

डिसेंबर संपत आला आणि मी येथे उत्तर लिहायचे राहून गेले, त्याबद्दल क्षमस्व. काय झाले ते सविस्तर लिहिते.

त्या शनिवारी पाऊस होता. येथे तो असतोच. ‘डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका’ अशी म्हण आहे आणि रेल्वे स्थानकासमोरचे काचेचे अवाढव्य छतसुद्धा येणाऱ्यावर छत्री धरावी या कल्पनेने उभारले आहे. ओबाआसान कमळकाकड्या सोलत होत्या आणि ओकाआसान हिशेब लिहीत होत्या. मी टबाची गोष्ट सांगून माफी मागितली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि ओबाआसानना इतके हसू आले की त्यांनी सुरी खाली ठेवली. भारतात प्रत्येकाला नवे पाणी लागत असेल, अशी त्यांची समजूत झाली होती आणि त्या माझ्याकडून दुसऱ्या दिवशीही तसेच होण्याची वाट पाहत होत्या. म्हणजे रोज दोनदा टब भरायची त्यांची तयारी होती.

मग मी शोजिनचे वाक्य म्हटले. ओकाआसान काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. तीत मी आल्या दिवसापासून रोज काय वाढले आणि मी काय ठेवले, याची नोंद होती. ‘बांगडा, एक घास. तोफू, सगळा. लोणचे, सगळे. भात, एक वाटी, दाइजोबु.’ मला मोठे काटे काढता येत नसावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता, म्हणून मासा बदलून बदलून आणत होत्या. ती वही पाहून मला रडू आले आणि मी रडते आहे हे पाहून त्या घाबरल्या. आमच्यात त्या क्षणी जे व्याकरण बोलले गेले ते कोणत्याही परीक्षेत नापास झाले असते.

कोंबूचा उल्लेख करताच ओबाआसाननी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या माहेरी कोंबूखेरीज दुसरी दाशी फारशी नसे आणि सुनेच्या स्वयंपाकघरात तो मागे पडल्याची खंत त्यांना बहुधा बरीच वर्षे असावी. आता रोज रात्री काचेच्या बरणीत त्या तुकडा भिजत घालतात. सर्वांसाठी एकच सूप होते, वेगळे पातेले नाही. ओतोओसानना आधीचे अधिक आवडायचे, असे ते मला एकटीला गाठून सांगून गेले आणि स्वतःच्या वाटीत कात्सुओबुशी भुरभुरवू लागले. वेगळी बशी असलीच तर आता त्यांची आहे.

माझी हद्दही मी ठरवली. घरी दाशी नको आणि बाहेर विद्यापीठाच्या खानावळीत उदोनच्या रश्श्याची चौकशी करायची नाही. कोणाला हे सोयीचे तत्त्वज्ञान वाटेल, तर ते तसे आहेच. रविवारी दुपारी मी रांधते. कमळकाकडीची मोहरी-हळदीची भाजी सर्वांना आवडली. ओतोओसाननी तीवर सोया सॉस घातला आणि मी काही बोलले नाही. हळदीचे डाग पांढऱ्या फडक्यावरून जात नाहीत, हे मात्र आधी सांगायला हवे होते. ‘दाइजोबु’ म्हणणे सोडले आहे. ‘ओनेगाइशिमास’, म्हणजे ‘कृपया द्या’, म्हणते आणि वाटी पुढे करते.

थंडी कडक आहे. घर सगळे तापवत नाहीत, एकेक खोली तापवतात, त्यामुळे बोळातून स्नानघरापर्यंत जाणे हाच एक प्रवास होतो. परवा पहाटे ढगांचा असा गडगडाट झाला की मला ऐन डिसेंबरात वळीव आला असे वाटले. ‘बुरी-ओकोशी’, असे ओबाआसान म्हणाल्या. बुरी नावाचे मासे जागे करणारी मेघगर्जना. ती झाली की मासळी चांगली लागते. ‘तुला काय त्याचे, तू झोप,’ असेही म्हणाल्या.

नागोयावासी ताई, मी काम मागितले होते. दोन दिवस विचार करून ओकाआसाननी मला स्नानघर दिले. सकाळी टबातले उरलेले पाणी छोट्या पंपाने कपड्यांच्या यंत्रात घ्यायचे, ते घेऊन झाले की बूच काढायचे आणि टब घासून ठेवायचा. आधी हे धाकटीचे काम होते, त्यामुळे ती माझ्यावर फार खूश आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे तोजीला, येथे टबात युझू नावाची लिंबे सोडून आंघोळ करतात. स्नानघर उघडताच आपल्याकडच्या उटण्याच्या सकाळसारखे वाटले. त्या रात्री आधी ओबाआसान गेल्या, मग ओतोओसान, मग धाकटी, मग ओकाआसान. माझा नंबर आला तेव्हा साडेदहा वाजले होते, पाणी कोमट झाले होते आणि लिंबे धाकटीने पिळून ठेवली होती. सकाळी त्यातल्या बिया जाळीत अडकल्या, त्या काढायला मला वीस मिनिटे लागली.